खुलासा : 'डॉन किहोते'ची ती चित्रं १६०५ची नाहीत

सर्वांतेस या स्पॅनिश लेखकाच्या 'डॉन किहोते' कादंबरीचा नायक डॉन किहोते याला पवनचक्कीच्या पात्याने घोड्यासकट उडवल्याचं चित्र 'सर्वांतेसच्या १६०५च्या पहिल्या आवृत्तीतलं, डोरेने स्वतः कोरलेलं' म्हणून फिरतंय. मीही ते पुढे पाठवलं होतं. ते चूक आहे.

सर्वांतेस वारला १६१६ला आणि फ्रेंच चित्रकार गुस्ताव डोरे जन्मला १८३२मध्ये. डोरेची ही चित्रं पॅरिसच्या 'आशेत' (Hachette) या प्रकाशनसंस्थेने १८६३मध्ये छापली.

कोरणारा हातही वेगळा होता. डोरे शाई-रंगाने थेट लाकडी ठोकळ्यावर चित्र काढायचा. मग एलिओदोर पिझां छपाईसाठी ते कोरायचा. जे पांढरं दिसायला हवं तेवढंच लाकूड काढायचं, काळी रेघ उठावाने ठेवायची. डोरेच्या धूसर छटा केसाएवढ्या बारीक समांतर रेघांत बसवणं हे पिझांचंच कसब, आणि नेमकं त्याचंच नाव गळतं याचं मला वाईट वाटतं. चित्र मोठं करून खालचे कोपरे बघा. बऱ्याच चित्रांत दोन सह्या सापडतील, एकीकडे डोरे, दुसरीकडे पिझां.

कृपया जुना मजकूर पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच ही दुरुस्ती टाका.