छोटं नाटक मोठ्या मंडपात कसं न्यावं, फुकटचा सल्ला

तर तुमचं नाटक चांगलं झालं म्हणे. पन्नास मिनिटांचं, तीन पात्रांचं, समाजमंदिरात सतरंजीवर बसलेल्या लोकांपुढं केलेलं. बाप, माय आणि पोरगा धानाच्या चुकाऱ्याची, म्हणजे विकलेल्या धानाच्या पैशाची, वाट बघत बसलेत, बस एवढंच. मध्ये एकदा बाप पासबुक उघडतो, चष्मा सदऱ्याला पुसतो आणि पुन्हा तेच पान बघतो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं स्वतःच्या नकळत खिसा चाचपला. राज्य नाट्य स्पर्धेत पण करून आले तुम्ही, परीक्षकांनी पाठ थोपटली आणि नंबर दुसऱ्यांना दिला, १९५४ पासून चालू असलेल्या स्पर्धेत हे व्हायचंच. पण आता डोक्यात घुसलंय की नाटक मोठं झालं पाहिजे. होऊ द्या ना मग, घाबरता कशाला.

पुण्या-मुंबईचा विचार आधी सोडा. बालगंधर्वच्या हजारेक खुर्च्या भरता भरता भल्या भल्या निर्मात्यांना घाम फुटतो, तिथं तुमचा चुकारा कोण बघतो. शिवाय कोणीतरी शहाणा मित्र तुम्हाला सत्तरच्या दशकातल्या दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक नाटकांबद्दल सांगेलच, ऐकून घ्या, चहाचे पैसे त्यालाच देऊ द्या. तुम्ही सरळ वडशाची गाडी पकडा. वडसा म्हणजे गडचिरोलीतलं देसाईगंज, तिथं झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यातल्या गावांची मंडळं तिथं येऊन नाटक ठरवतात. दिवाळी झाली, धान निघाला की सीझन सुरू, तो होळीच्या आसपासपर्यंत. गावात शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) असली की रात्री नाटक पाहिजेच, पाहुणे जेवून झोपायला थोडीच येतात. आणि हे सगळं लोक तिकीट काढून बघतात बरं का, थंडीत, चादर पांघरून, पहाटेपर्यंत. उपरोध बाजूला ठेवून सांगतो, याला हसणाऱ्यांनी एकदा त्या मंडपात बसून बघावं. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा कुठं बऱ्याच जणांना कळलं की असं काही असतं म्हणून.

असो. तुम्ही स्क्रिप्ट घेऊन निर्मात्यापुढं बसलात. तो वाचणार नाही, तुम्ही सांगायचं आणि त्यानं ऐकता ऐकता फोनवर तीन गावांच्या तारखा ठरवायच्या. शेवटी म्हणेल, "भाऊ, चांगलं हाय, पण यात बाया कुठी रडतेत?" तुम्ही म्हणाल माय रडत नाही, ती गप्प राहते, तेच तर नाटक आहे. "गप्प काहून राहते बाप्पा, तिकडं मागं बसलेल्याले कसं समजन?" यावर तुमच्याकडं उत्तर नसेल कारण मुद्दा बरोबर आहे. चष्मा पुसणं पन्नास हातांवरून दिसत नाही. तेव्हा मान हलवा आणि पासबुकाच्या जागी गाणं टाका.

मग नाव. "चुकारा" हे काय नाव झालं? "चुकारा आला, पण कुंकू गेलं" असं करा, बॅनरवर लाल अक्षरात भरून दिसतं. आता नावात कुंकू गेलं म्हणजे बाप मेला पाहिजे, त्याला मारा, पण तिसऱ्या अंकाच्या आधी नको, त्याचं काम कंपनीचा मुख्य नट करणार आहे आणि त्याला पूर्ण नाइट, म्हणजे रात्रीचं मानधन, द्यायची आहे. पन्नास मिनिटांचं नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत न्यायचं तर पात्रं लागतील. एक कॉमेडीवाला आणि त्याची जोडीदारीण लागते, पोराची प्रेमिका लागते, ती नागपूरहून येईल. आणि खलनायक. तुमच्या मूळ नाटकात धान केंद्राचा ग्रेडर, म्हणजे धान तपासून घेणारा माणूस, स्टेजवर येतच नाही, त्याचा नुसता फोन लागत नाही. आता तो गॉगल घालून येईल, धानात ओल आहे म्हणेल आणि त्याच्या वाड्यावर लावणी होईल. ग्रेडरला वाडा कुठून आला हे विचारू नका, खरं तर तोच एक भाग वास्तववादी झालाय.

तालमीची फार अपेक्षा ठेवू नका. नट काल एका गावात दुसरं नाटक करून आलेले असतात, उद्या तिसरं आहे, विंगेत प्रॉम्प्टर बसलेला असतो आणि त्याच्या भरवशावर सगळं चालतं. तुमची सगळ्यात आवडती ओळ आधी प्रॉम्प्टरच्या आवाजात ऐकू येईल आणि मग नटाच्या, थोडी बदलून. यात बोनस समजा, लेखकाला एकाच रात्री दोन प्रयोग बघायला मिळतात.

प्रयोगाच्या रात्री लवकर जा. बॅनरवर तुमचं नाव शोधा, हिरोईनच्या फोटोखाली, मंडप-डेकोरेशनच्या मोबाईल नंबरच्या जरा वर असतं, नसलं तर मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो मोठा करताना गेलं असेल, मनावर घेऊ नका. नाटक सुरू होण्याआधी सरपंच, माजी सरपंच आणि व्हायचे सरपंच असे तिघांचे सत्कार होतील. ऐन बापाच्या मरणाच्या सीनला माइकवरून कळेल की अमुक यांच्याकडून पाचशे एक रुपये बक्षीस, आणि मेलेला बाप उठून नमस्कार करून परत मरेल. पब्लिक वन्स मोर म्हणेल. ऑर्गनवाला तयारच असतो. आणि खरंच बाया रडतील, पदर तोंडाला लावून रडतील, तुमच्या समाजमंदिरात एकही रडली नव्हती, तेव्हा कोणाचं बरोबर हे ठरवत बसू नका, मानधनाचं विचारा. लेखकाला एकदाच मिळतं, तेही सीझन संपल्यावर हिशोब करू म्हणतात, आणि वाट बघायची कशी हे तुमच्याइतकं कोणाला माहीत, तुम्ही त्यावर अख्खं नाटक लिहिलंय.

एक राहिलं. त्या रात्री तुमच्या भागातला खरा ग्रेडर फुकट पास मागायला येईल. त्याला पुढची खुर्ची द्या. गॉगलवाला आला की सगळ्यात मोठ्यानं तोच हसेल, मध्यंतरात तुम्हाला भेटून म्हणेल लय भारी लिहिलं सर, असे लोक असतात हो. चहा पाजा, वर पान खिलवा. तुमच्या बाबांचे धानाचे कट्टे, म्हणजे पोती, अजून केंद्रावर मोजायचे पडलेत.