‘सौजन्य : गूगल’ आणि इतर खात्रीचे उपाय

नवं सत्र उघडलं आहे. ई-कंटेंट पोर्टलवर चढवायचं आहे, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या परिषदेच्या, फायलीत त्याचे पुरावे लावायचे आहेत आणि हे सगळं कालपर्यंत हवं होतं. घाबरू नका. गेल्याच आठवड्यात एका संस्थेच्या संकेतस्थळावर ‘आमच्या प्राध्यापकांनी विकसित केलेले दर्जेदार अध्ययन साहित्य’ या मथळ्याखाली मला माझ्याच आकृत्या भेटल्या. कोपऱ्यातलं नाव कापलेलं, मधोमध त्या संस्थेचं बोधचिन्ह, आणि तळाला ‘सर्व हक्क राखीव’. इतकी सफाई पाहून वाटलं, ही विद्या मोजक्या लोकांपुरती राहू नये.

सुरुवात श्रद्धेने करा : जे इंटरनेटवर दिसतं ते सार्वजनिक असतं. गोलातला सी, म्हणजे कॉपीराइटचं चिन्ह, दिसला नाही, म्हणजे मालकच नाही. बर्न करार नावाचं कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराचं एक प्रकरण आहे, १८८६चं. हक्कासाठी नोंदणी नको, चिन्ह नको, कसलाच सोपस्कार नको, हे त्यात १९०८ सालीच ठरलं. भारत त्यात १९२८पासून आहे. आकृती काढून झाली की हक्क तिथल्या तिथे तयार होतो. पण शंभर वर्षांपूर्वीचं कोण उकरत बसणार? आपल्याला सिलॅबस संपवायचाय.

दुसरा उपाय म्हणजे ‘केवळ शैक्षणिक उपयोगासाठी’ हा मंत्र. हा सगळ्यात गुणकारी, कारण त्यात खरोखरच तथ्य आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(आय) शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला शिकवण्याच्या ओघात साहित्याची प्रत काढू देतं. प्रश्नपत्रिकेत उतारा घालू देतं, उत्तरात तो वापरूही देतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२मध्ये दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या एका झेरॉक्सवाल्यावर दावा लावला होता. वाद होता कोर्स पॅकचा, म्हणजे वेगवेगळ्या पुस्तकांतली नेमलेली प्रकरणं एकत्र बांधून देण्याचा. २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आधी एका न्यायमूर्तींनी तो फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने सांगितलं की शिकवण्याच्या प्रयोजनासाठी जेवढं आवश्यक तेवढं घेता येईल, आणि ‘शिकवण्याचा ओघ’ हा चार भिंतींतल्या तासापुरता नसतो. नेमलेला मजकूर त्या प्रयोजनासाठी खरंच लागणारा होता का, हे तपासायला प्रकरण परत पाठवलं गेलं. २०१७मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला. इतका उदार कायदा फार ठिकाणी नाही.

म्हणून तुम्ही काय करायचं? निकालातला ‘आवश्यक तेवढं’ हा भाग गाळायचा. नेमलेलं प्रकरण एक असलं तरी पुस्तक सबंध स्कॅन करायचं, ड्राइव्हवर टाकायचं, शेअरिंगमध्ये ‘लिंक असलेला कोणीही’ निवडायचं आणि ती लिंक अकरा व्हॉट्सॲप ग्रुपांत सोडायची. तुमच्या वर्गात साठ मुलं, पुस्तक मात्र पाच राज्यांत. शिकवण्याचा ओघ म्हणतात तो हाच असावा.

‘दहा टक्क्यांपर्यंत चालतं’ असंही ठासून सांगत चला. कायद्यात असा आकडा नाही, वरच्या खटल्यातही टक्केवारीची मोजपट्टी कोर्टाने मानली नाही. दहा टक्के सापडतात यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्याच्या नियमावलीत. तिथे ते प्रबंध आणि शोधनिबंधांतल्या साम्याबद्दल आहेत. वाङ्मयचौर्य वेगळं, कॉपीराइटचा भंग वेगळा : नाव देऊन सबंध पुस्तक चढवलंत तर दुसरा गुन्हा होतो, पहिला नाही, हक्क संपलेलं लेखन स्वतःच्या नावावर खपवलंत तर पहिला होतो, दुसरा नाही. दोन्ही एकदम साधणारेही विद्वान आहेत, त्यांना वाकून नमस्कार.

व्हिडिओच्या वर्णनात ‘कॉपीराइटभंगाचा हेतू नाही’ असं लिहून टाका. दुसऱ्याच्या घरात शिरताना दारावर ‘चोरीचा हेतू नाही’ अशी चिठ्ठी लावल्यासारखं ते शोभून दिसतं.

आता मुख्य कौशल्य. चित्र, नकाशा, तक्ता, आलेख, जे हवं ते उचला आणि खाली आठ पॉइंटात लिहा : ‘सौजन्य : गूगल’. ‘स्रोत : इंटरनेट’ही चालेल. परीक्षक खूश, समिती खूश. इमेज सर्चमधलं प्रत्येक चित्र कुणाच्या तरी पानावर असतं, त्याखाली ‘व्हिजिट’ लिहिलेलं असतं, तिथे एक टिचकी मारली की ते पान उघडतं. पण बोटाला उगाच ताण कशाला? ‘टूल्स’मध्ये ‘यूसेज राइट्स’ आहे, त्यात ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर वापराला मोकळी केलेली चित्रं, निवडता येतं, तेही नको. ती चाळणी शेवटचा शब्द नसतेच, मूळ पानावर जाऊन परवाना वाचावा लागतो. पिंटरेस्टवर मिळालेलं चित्र तर कुणीतरी तिसऱ्यानेच टाचलेलं असतं. गूगल लेन्सवर टाकून चित्रावरून उलट शोध घेतला तर मूळ कर्ता पुष्कळदा सापडतो. सापडलाच तर काय घ्या! मग नाव लिहावं लागेल. त्यापेक्षा स्क्रीनशॉट घ्या, कडा कापा. कडेलाच नाव असतं, वर्ष असतं, एकक असतं. जाऊ द्या सगळं. मग तासाला तो आलेख पडद्यावर येतो, मागच्या बाकावरची मुलगी विचारते, ‘सर, ही आकडेवारी कुठल्या वर्षाची?’ आणि सरांना ते माहीत नसतं. जनगणनेची आहे, पाहणीतली आहे, का कुणी ब्लॉगवर मनाने रेघ ओढली आहे, हे जगात कुणालाच सांगता येणार नाही, कारण ते सांगणारी दोन सेंटिमीटरची पट्टी सरांनी स्वतःच्या हाताने छाटली. हे शिकवणं झालं? आणि ती पट्टी जाणूनबुजून काढणं हा किरकोळ प्रकार नाही. कर्त्याचं नाव, कृतीचं शीर्षक, वापराच्या अटी यांना कायदा हक्क-व्यवस्थापनाची माहिती म्हणतो, आणि ती जाणीवपूर्वक, परवानगीशिवाय काढणाऱ्याला कलम ६५बी मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. कलम ५७ आणखी पुढचं सांगतं : हक्क विकून टाकले तरी ‘हे माझं आहे’ म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार त्याच्यापाशीच राहतो. हेच सर नंतर विद्यार्थ्याच्या प्रकल्पात संदर्भसूचीतला स्वल्पविराम चुकला म्हणून गुण कापतात. लाज नावाची काही गोष्ट?

असो. पुढचा उपाय.

क्रिएटिव्ह कॉमन्स दिसलं की ‘फ्री’ एवढंच वाचा, पुढची अक्षरं शोभेची असतात. बाय म्हणजे नाव द्या. एनसी म्हणजे व्यापारी वापर नको, म्हणून फी घेऊन विकायच्या नोट्समध्ये ते साहित्य बसत नाही. एनडी म्हणजे बदल करून वाटू नका. आकृतीतली इंग्रजी लेबलं मराठी करून वाटलीत की तो बदलच झाला. एसए म्हणजे तुमचं बदललेलं रूपही त्याच परवान्याखाली सोडा. बाय-एसए आणि बाय-एनसी-एसए एकाच रूपांतरात कालवता येत नाहीत, कारण दोघांच्या अटी एकमेकींना छेदतात. एमआयटीचं ओपन कोर्सवेअर बाय-एनसी-एसएखाली आहे, विकिपीडियाचा मजकूर बाय-एसएखाली. चौथ्या आवृत्तीच्या परवान्यात तर चूक कळल्यापासून तीस दिवसांत सुधारलीत तर अट मोडल्याने गेलेला वापराचा हक्क आपोआप परत मिळतो. इतका समजूतदारपणा बघून कुणालाही गैरफायदा घ्यावासा वाटेलच.

ग्रंथालयाने वर्गणी भरलेल्या नियतकालिकातला लेख असेल तर लिंक देऊ नका, पीडीएफ उतरवून मूडलवर, म्हणजे वर्गाच्या ऑनलाइन पोर्टलवर, चढवा. बऱ्याच करारांत लिंकची मुभा असते आणि पीडीएफ दुसरीकडे ठेवायला मनाई असते, पण करार वाचायचं काम ग्रंथपालांचं. लिंक द्यायचीच झाली तर ॲड्रेस बारमधली लांबलचक द्या; ती बहुधा तुमच्या लॉगिनपुरतीच असल्याने मुलांना उघडणार नाही. १०ने सुरू होणारा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक, लेखाच्या पहिल्या पानावर छापलेला असतो, तो टिकतो, म्हणून टाळा. जमल्यास रात्री सॉफ्टवेअर लावून अख्खे खंड उतरवा. सकाळी प्रकाशक साऱ्या संस्थेचा आयपी पत्ता, म्हणजे सगळ्यांचाच प्रवेश, बंद करील, परीक्षेच्या तोंडावर, आणि दोष ग्रंथालयावर जाईल.

यूट्यूबवरचा माहितीपट एम्बेड न करता, म्हणजे तिथूनच आपल्या पानावर न दाखवता, डाउनलोड करा, आपल्या तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये चिकटवा आणि संस्थेच्या चॅनलवर टाका. नव्वद दिवसांत कॉपीराइटभंगाचे तीन स्ट्राइक, म्हणजे ठपके, आले की चॅनलच जातो, सगळ्या विभागांच्या व्हिडिओंसकट.

जुनं पुस्तक म्हणजे मोकळं पुस्तक. लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजायची असतात आणि अनुवादाचा हक्क अनुवादकाच्या हयातीवर वेगळा चालतो, हे विसरा.

सरकारी संकेतस्थळ म्हणजे आपल्याच कराचं, उचला. शासनाच्या प्रकाशनांनाही साठ वर्षांचा कॉपीराइट आहे आणि सवलत राजपत्र, कायदे, न्यायनिर्णय अशा ठरावीक गोष्टींना आहे, हे कुणाला सांगू नका.

आता उपरोध पुरे. सरळ सांगतो.

तुम्हाला कायदा समजत नाही हे खोटं आहे. भविष्य निर्वाह निधीचे नियम तुम्हाला समजतात, कॅसचे, म्हणजे बढतीच्या योजनेचे, गुण दशांशापर्यंत समजतात. हे करायचं नसतं, एवढंच. वर्गापुरतं जवळजवळ सगळं तुम्हाला मोकळं दिलेलं आहे, आणि बदल्यात मागितलंय एका ओळीइतकं : कृतीचं नाव, कर्ता, लिंक, परवाना, आणि काही बदललं असेल तर काय बदललं. ‘पेशीविभाजनाची आकृती, अमुक यांची, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०, लेबलं मराठीत केली.’ झालं. विकिमीडिया कॉमन्स या मोकळ्या चित्रांच्या साठ्यावर तर कर्त्याच्या नावाची ओळ तयारच मिळते, नुसती चिकटवायची असते.

ड्राइव्ह उघडा आणि ते फोल्डर वर्गाच्या ईमेल यादीपुरतं करा. पुस्तकं काढा, नेमलेली प्रकरणं ठेवा. सत्र संपलं की तीही काढा. जाहीर संकेतस्थळावर किंवा चॅनलवर जे जाणार आहे त्यातली परकी चित्रं एकेक तपासा, परवाना मिळत नसेल तर स्वतः काढा, वाकडी आली तरी चालतील. फारच हवी असतील तर कर्त्याला ईमेल करा : कोणती कृती, किती भाग, कोणता विषय, किती विद्यार्थी, कोणतं सत्र, कुठल्या प्लॅटफॉर्मवर. पाच ओळी होतात. उत्तर आलं तर जपून ठेवा, नाही आलं तर तो होकार नव्हे.

आणि यातलं काही अडलं तर विचारायला माणूस तुमच्याच इमारतीत बसतो. ग्रंथपालांशी शेवटचं बोललात ते कधी, नो ड्यूजवर सही घ्यायला गेलात तेव्हा?