११३ चं त्रैराशिक

गोल्फमध्ये खरा घाम फुटतो तो अठरावं होल संपल्यावर, स्कोअरकार्ड घेऊन आकडेमोडीला बसलं की.

आधी एक गैरसमज काढू. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूला मिळणाऱ्या सुटीच्या फटक्यांचा आकडा, ही आपली सरासरी नव्हे. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत शेवटच्या २० राउंडमधल्या सर्वांत चांगल्या ८ डिफरन्शिअलची (कोर्सच्या अवघडपणानुसार बेतलेल्या स्कोअरची) सरासरी धरतात. वारा होता, कंबर धरली होती, ड्रायव्हर नवा होता, असले १२ राउंड माफ. लग्नाच्या बायोडेटातल्या फोटोसारखा हा आकडा असतो: माणूस तोच, पण रोज तसा दिसत नाही. म्हणून बहुतेक दिवशी आम्ही आमच्याच हँडिकॅपपुढे हरतो.

आता डिफरन्शिअल. समजा कोर्स हँडिकॅप (त्या कोर्सवरची सूट) २०, म्हणजे प्रत्येक होलला एक फटका सूट आणि सर्वांत अवघड दोन होलना दोन-दोन. स्ट्रोक इंडेक्स (होलचा अवघडपणातला क्रमांक) ११ च्या पार-४ वर, म्हणजे चार फटक्यांत संपावं अशा होलवर, बंकरमध्ये वाळू उपसत १० फटके गेले, तरी हिशेबात ७ च धरायचे: पार ४, अधिक २, अधिक सुटीचा १. याला नेट डबल बोगी म्हणतात. मी अभय म्हणतो. असे छाटून ९५ उरले. त्यातून कोर्स रेटिंग, म्हणजे तरबेज खेळाडूला तिथे लागावेत ते फटके, ७१.२ वजा करा (पार ७२ नव्हे, निम्मे लोक इथेच घसरतात). उरले २३.८. त्याला ११३ ने गुणून कोर्सच्या स्लोपने (साध्या खेळाडूला तो किती जास्त जड जातो त्याच्या आकड्याने), समजा १२८ ने, भागा: २१.०. ११३ हा प्रमाण कोर्सचा स्लोप. वरचा आकडा खाली गेला तर उत्तर २७.० येतं आणि जोडीदार संशयाने बघू लागतात.

गंमत म्हणजे परतीच्या वाटेवर हेच त्रैराशिक उलटं होतं. इंडेक्स, म्हणजे त्या ८ ची सरासरी, १८.४ असेल तर गुणायचं १२८ ने, भागायचं ११३ ने, मग रेटिंगमधून पार वजा करून जो फरक येईल तो मिळवायचा. इथे तो उणे ०.८. झाला कोर्स हँडिकॅप २०.

हुश्श म्हणेपर्यंत स्पर्धेचा चिटणीस सांगतो, ‘स्ट्रोक प्ले आहे, एकूण फटके मोजायचे, सूट ९५ टक्केच.’ उरले १९. आणि जातो तो नेमका स्ट्रोक इंडेक्स २ वरचा दुसरा फटका, जिथे समोर तळं आहे.