‘चिप आहे ना, मग फसवणूक कशी होईल?’ या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. आधी लातूरच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर, मग नांदेडच्या, मग छत्रपती संभाजीनगरच्या, आणि शेवटी आमच्या गल्लीच्या ग्रुपवरसुद्धा. मेसेज असा आहे:

“मॅरेथॉनमध्ये चीटिंग झाली म्हणून बोंब मारणाऱ्यांनो, शांत व्हा. प्रत्येकाला चिप असते, फसवणूक होऊच शकत नाही. हौशी माणूस कशाला फसवेल? मेडल तर सगळ्यांना सारखंच मिळतं. दुसऱ्याचा बिब लावून धावला तरी पैसे भरलेलेच असतात. आणि फसवलंच तर स्वतःला फसवलं, दुसऱ्याचं काय गेलं? तपासायचंच असेल तर बक्षिसावर डोळा ठेवून खेड्यातून येणारी भरतीची पोरं तपासा.”

खाली हात जोडलेले, टाळ्या वाजवलेल्या. मी अकरा वर्षं धावतोय आणि त्यातली सहा वर्षं स्पर्धेच्या दिवशी वळणावर व्हॉलंटियर म्हणून उभा राहतोय. वळणावर जे दिसतं ते फिनिश लाइनवर दिसत नाही. म्हणून हे उत्तर लिहितोय.

“प्रत्येकाला चिप असते, फसवणूक होऊच शकत नाही.”

चिप म्हणजे बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरच्या कागदाच्या, मागे चिकटवलेली पातळ पट्टी. तिच्यात बॅटरी नसते. जमिनीवर अंथरलेल्या मॅटवरून तुम्ही गेलात की अँटेनाच्या लहरींनी ती जागी होते, आपला नंबर सांगते, आणि मशीन त्या नंबरापुढे वेळ लिहून घेतं. तिचं काम तिथं संपलं. दोन मॅटच्या मधलं अंतर तुम्ही पळत गेलात, चालत गेलात की कुणाच्या स्कूटीवर मागं बसून गेलात, हे तिला कळत नाही. बिब कुणाच्या छातीवर आहे हेही कळत नाही.

आता आपल्या जिल्ह्याच्या गावी होणाऱ्या स्पर्धा डोळ्यांसमोर आणा. मॅट किती असतात? सुरुवातीला एक आणि शेवटी एक. बजेट असलं तर हाफच्या, म्हणजे २१ किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉनच्या, वळणावर तिसरा. दहा किलोमीटरच्या वळणावर बहुतेक वेळा नारिंगी कोन ठेवलेला असतो आणि शिट्टी घेतलेलं एक कॉलेजचं पोरगं. जाणारे दुभाजकाच्या डाव्या बाजूने, येणारे उजव्या बाजूने. मधे दर तीन-चारशे मीटरवर दुभाजकाला कट. अजून अंधार असतो. त्या कटमधून पलीकडे जायला पाच पावलं लागतात, आणि चिपच्या हिशेबी तो माणूस दहा किलोमीटर पूर्ण धावलेला असतो.

चीनमध्ये शेनझेनच्या हाफ मॅरेथॉनमध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये नेमकं हेच झालं. २५८ जण दोषी ठरले, त्यातल्या २३७ जणांनी वळणापर्यंत न जाता मधल्या झाडीतून पलीकडची लेन धरली होती. रस्त्यावरच्या वाहतूक कॅमेऱ्यांत ते ओळीनं झुडपांतून जाताना दिसतात.

चिप काहीच कामाची नाही असं मात्र नाही. मॅट पुरेसे असले आणि कुणीतरी आकडे वाचले तर ती चोख साक्ष देते. मेक्सिकोचे रोबेर्तो माद्राझो हे २००६ साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले पुढारी. २००७ च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये त्यांनी २ तास ४० मिनिटं ५७ सेकंदांत ५५ वर्षांवरच्या गटात पहिला नंबर काढला. एका छायाचित्रकाराला फोटो खटकला: बाकी सगळे घामाघूम, आणि हे जॅकेट-टोपी घालून, हात उंचावून, ताजेतवाने. मग मॅटच्या नोंदी पाहिल्या. मधले दोन मॅट गायब, आणि १५ किलोमीटरचा एक टप्पा २१ मिनिटांत. म्हणजे ताशी जवळपास ४३ किलोमीटर. आपल्या बीड जिल्ह्याच्या अविनाश साबळेने २०२० साली दिल्लीत १ तास ३० सेकंदांत हाफ पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला, तो वेग ताशी २१ किलोमीटरच्या आत येतो. पंचावन्नच्या वरचा माणूस साबळेच्या दुप्पट वेगाने पळाला असं मानायचं असेल तरच ती वेळ खरी. माद्राझो बाद झाले.

आणि दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्समध्ये, सुमारे ९० किलोमीटरच्या शर्यतीत, १९९९ साली एकसारखे दिसणारे दोन भाऊ एकाच बिबवर आळीपाळीने धावले आणि नववा नंबर मिळवला. ते उघडं पडलं फोटोंमुळे. एका फोटोत घड्याळ एका मनगटावर, दुसऱ्या फोटोत दुसऱ्या.

“हौशी माणूस कशाला फसवेल?”

माद्राझो हौशीच होते. शेनझेनचे ते २३७ जणही पोटासाठी धावत नव्हते. पोडियमवरचा, म्हणजे पहिल्या तिघांच्या चौथऱ्यावरचा, फोटो, ऑफिसात होणारं कौतुक, ग्रुपवर टाकायचा टायमिंगचा स्क्रीनशॉट, ‘सब-टू’ (हाफ दोन तासांच्या आत) झाल्याचं सांगणं, हे मोह खरे आहेत. मलाही ते होतात.

“मेडल तर सगळ्यांना सारखंच मिळतं.”

फिनिशर मेडल सारखं असतं हे बरोबर. पण मेडलबरोबर टायमिंग सर्टिफिकेट मिळतं आणि ते पुढे चालतं. मोठ्या स्पर्धांत सुरुवातीला पुढच्या गटात उभं राहायला ते लागतं. बॉस्टनसारख्या ठिकाणी तर प्रवेशच वेळेवर मिळतो. २०२५ च्या बॉस्टन मॅरेथॉनला पात्रतेची वेळ गाठूनही १२,३२४ जणांना जागा मिळाली नाही, कारण अर्ज जास्त आले आणि पात्रता वेळेपेक्षा ६ मिनिटं ५१ सेकंद जलद असणाऱ्यांनाच घेतलं. तिथं एकजण खोटी वेळ दाखवून आत शिरला की खरी वेळ असलेला एकजण बाहेर राहतो.

“दुसऱ्याचा बिब लावून धावला तरी पैसे भरलेलेच असतात.”

हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त भीती वाटली. बिब उलटा करून बघा. मागे नाव, रक्तगट आणि घरच्याचा मोबाइल नंबर लिहायची जागा असते. आपल्याकडं फेब्रुवारीतही आठ वाजले की ऊन चढतं. अठराव्या किलोमीटरला एखादा कोसळला, अँब्युलन्समधल्या माणसाने बिब उलटला आणि त्यावर भलत्याचाच रक्तगट, भलत्याच घरचा नंबर असला तर? शुद्धीत नसलेल्या माणसाचे आजार, त्याच्या गोळ्या कुणाला विचारायच्या? फोन जाईल तो घरी झोपलेल्या धडधाकट माणसाच्या बायकोला. आणि बावन्न वर्षांच्या साहेबांच्या बिबवर ऑफिसातला अठ्ठावीस वर्षांचा पोरगा धावला, तर पन्नाशीच्या गटातलं पोडियमही गेलंच. येता येत नसेल तर आयोजकांना वेळेत कळवून नाव बदलून घ्या. बदलून देत नसतील तर बिब घरी ठेवा.

“स्वतःला फसवलं, दुसऱ्याचं काय गेलं?”

काय गेलं ते मी पाहिलंय.

आपल्याच भागातली एक स्पर्धा. कुठली ते सांगत नाही, कारण पुढं आयोजकांनी चूक दुरुस्त केली. मी दहा किलोमीटरच्या वळणावर होतो. तिथं मॅट नव्हता. महिलांच्या ४५ वर्षांवरच्या गटाचे बिब पिवळे होते. पाण्याचे ग्लास किती लागतात याचा हिशेब पुढच्या वर्षी उपयोगी पडेल म्हणून मी मोबाइल बॅरिकेडला बांधून शूटिंग चालू ठेवलं होतं. पिवळ्या बिबची पहिली बाई गेली, दुसरी गेली, आणि तिसऱ्या आमच्या ओळखीच्या ताई आल्या. अंगणवाडीत काम करतात. पहाटे साडेचारला उठून भाकरी थापून मग रिंग रोडला पळायला येतात, पंजाबी ड्रेसवर. मी ओरडलो, “ताई, तिसऱ्या आहात, सोडू नका!” त्यांनी मान हलवली, कोनाला वळसा घातला आणि गेल्या. पुढं मी गर्दीत बाकीच्यांना पाणी देत राहिलो.

फिनिशला पोचलो तेव्हा बक्षिसं सुरू झाली होती. पिवळ्या गटाचं तिसरं नाव पुकारलं ते दुसऱ्याच बाईचं. ताई मंडपाच्या कडेला केळं हातात धरून उभ्या होत्या, सोललेलं नव्हतं. मला म्हणाल्या, “भाऊ, तुम्हीच तर म्हणलात तिसरी हाव म्हणून. मला कुणीच मागं टाकलं नाही हो. मग ही कुठून आली?” घरून दोन्ही लेकरं आणि सासूबाई बघायला आल्या होत्या. आई स्टेजवर जाणार असं त्या पोरांना सांगून ठेवलेलं.

टायमिंगच्या टेबलवर विचारलं तर उत्तर मिळालं, “चिप आहे ना, चिप खोटं बोलत नाही.” या फॉरवर्डमधलं पहिलंच वाक्य! घरी येऊन मी अख्खं शूटिंग दोनदा पाहिलं. तिसऱ्या ठरलेल्या बाईंचा नंबर वळणावर आलाच नव्हता. मी व्हिडिओ पाठवला. बारा दिवसांनी निकाल बदलला, दोन हजार रुपये ताईंच्या खात्यावर आले, सर्टिफिकेटची पीडीएफ आली. ट्रॉफीही कुरिअरने आली. पण स्टेज, माइकवर पुकारलेलं नाव, समोर बसलेली लेकरं, हे कुरिअरने येत नाही.

१९८० च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये कॅनडाच्या जॅकलिन गॅरो यांच्या वाट्याला हेच आलं. रोझी रुईझ शेवटचा थोडाच भाग धावून २:३१:५६ वेळेत पहिली आली आणि तिला हार घातला गेला. खऱ्या विजेत्या गॅरो २:३४:२८ मध्ये आल्या, दुसऱ्या म्हणून. चौकशी होऊन त्यांना विजेती ठरवायला आठवडा लागला. स्वतःलाच फसवलं म्हणणाऱ्यांनी गॅरोंचं किंवा आमच्या ताईंचं काय झालं ते सांगावं.

“तपासायचंच असेल तर भरतीची पोरं तपासा.”

हे वाक्य लिहिणाऱ्याने पहाटे आपल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर जाऊन यावं. पोलीस भरतीला १६०० मीटरचे गुण असतात, एकेका सेकंदावर यादी वर-खाली होते. त्यासाठी ही पोरं दोन-दोन वर्षं घासतात. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, शेतकऱ्याचा पोरगा, शाळेला पळत जायचा, मग सैन्यात गेला आणि पुढं ऑलिंपिकची फायनल गाठली. परभणीची ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. या मातीतून वेग येतो हे आपल्याला तरी नवं वाटू नये.

तरी वाटतं. गेल्या हंगामात एका पोराने हाफ १ तास १३ मिनिटं ५५ सेकंदांत मारली. पायात शिवलेले बूट, टी-शर्टवर अकॅडमीचं नाव. दुपारपर्यंत ग्रुपवर त्याचा फोटो फिरला, वर लाल गोल आणि ‘गाडीवर आला असणार’. मी त्याच्या नोंदी काढल्या. पहिला अर्धा ३६:४०, दुसरा ३७:१५. वळणाचा मॅट नीट लागलेला, तीन ठिकाणच्या फोटोंत तोच पोरगा, तोच बिब, शेवटी शेवटी तोंड वासलेलं. दुसऱ्या अर्ध्यात पस्तीस सेकंदांनी मंदावणं हे दमलेल्या पायांचं लक्षण आहे. जो पहिला अर्धा सव्वा तासात आणि दुसरा पस्तीस मिनिटांत करतो, शंका त्याची घ्यावी. त्या निकालात तसाही एकजण होता, पण त्याच्या पायात बावीस हजारांचे बूट होते आणि त्याच्या फोटोवर कुणी लाल गोल काढला नाही.

तपासा, सगळ्यांना तपासा. पण तपासायची रीत आहे. एक मॅट लागला नाही म्हणजे चोर, असं नसतं. बिब दुमडला, वर पाण्याचा बेल्ट आला, मॅटवरून जाताना हात आडवा आला, तरी चिप वाचली जात नाही. हाफ संपल्यावर कुणाच्या घड्याळात २१.१ ऐवजी २०.७ किलोमीटर दिसलं म्हणजेही काही सिद्ध होत नाही. कधी मार्गच कमी भरतो. इंग्लंडमधली मँचेस्टर मॅरेथॉन २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षं ३८० मीटर कमी होती, हजारो प्रामाणिक धावपटूंच्या वेळा त्यात वाया गेल्या. म्हणून मॅट, फोटो, जुन्या वेळा, हे सगळं शेजारी शेजारी ठेवावं, आयोजकांकडं लेखी द्यावं आणि समोरच्याला बोलू द्यावं. ग्रुपवर नाव टाकू नये, दोष खरा असला तरी. २०१९ मध्ये लॉस एंजेलिस मॅरेथॉनमध्ये २ तास ५३ मिनिटांत धावलेले ७० वर्षांचे निवृत्त डॉक्टर मार्ग सोडल्याच्या व्हिडिओवरून बाद झाले. इंटरनेटवर त्यांच्यावर तुटून पडणं आधीपासून चालूच होतं. आपण फसवलं नाही असं ते शेवटपर्यंत सांगत होते. निकालानंतर काही दिवसांतच ते मृतावस्थेत सापडले.

आमच्या इथं यंदा आम्ही साधा उपाय करतोय. वळणाला प्रत्येकाच्या हातात रंगीत रबर बँड. हाफला हिरवा, दहाला लाल. फिनिशला बँड दाखवायचा, नसेल तर नंबर बाजूला लिहायचा आणि पोडियम जाहीर करण्याआधी त्या नंबरांची शूटिंगशी पडताळणी करायची. पाचशे बँडला मॅटच्या भाड्याच्या मानाने काहीच पैसे लागत नाहीत. माणसं मात्र लागतात. दहाच्या वळणाला चार जण ठरलेत, अजून दोन हवेत. हा मेसेज ज्यांनी ज्यांनी पुढं ढकलला त्यांच्यातले कुणी येणार असतील तर मला फोन करा. पहाटे पावणेपाचला, स्वेटर घालून.