सेशन-टाइमआउटला ‘उणे एक’ टाकणाऱ्यांनो, जरा थांबा

भाच्याने त्याच्या जावा प्रोजेक्टमध्ये सेशन-टाइमआउट उणे एक करून ठेवलाय. सेशन म्हणजे सर्व्हरने एका युजरची ठेवलेली नोंद, टाइमआउट म्हणजे युजर गप्प राहिला तर ती किती वेळाने पुसायची ते, आणि उणे एक म्हणजे कधीच नाही. का रे, विचारलं तर म्हणाला, ‘‘अगं मावशी, सगळे असंच करतात,’’ आणि क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा फॉरवर्ड पुढे केला. इंटरव्ह्यूआधी वाचायचे पाच मुद्दे. एक, युजरची सगळी माहिती जेसेशनआयडी नावाच्या कुकीत (ब्राउझरने जपून ठेवलेल्या छोट्या नोंदीत) असते. दोन, ब्राउझर बंद केला की सेशन संपतं. तीन, युजर सारखे लॉगआउट होत असतील तर टाइमआउट उणे एक करा, कटकट कायमची मिटते. चार, सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळी सेशन्स जातातच. पाच, एकापेक्षा जास्त सर्व्हर असले की सेशन चालतच नाही, जेडब्ल्यूटी (युजरची ओळख स्वतःतच बाळगणारं, सर्व्हरने सही केलेलं) टोकनच लागतं. खाली ‘जास्तीत जास्त मित्रांना पाठवा’ आहेच.

पहिल्या मुद्द्यासाठी वाद घालायचीही गरज नाही. ब्राउझरमध्ये ती कुकी उघडून बघा. टॉमकॅटवर (जावा ॲप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हरवर) ३२ अक्षरांची एक अगम्य ओळ दिसेल, बस. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर हातात येतो तो बिल्ला. चपला स्टँडवाल्याकडेच राहतात. तुमचं नाव, अधिकार, कार्टमधल्या वस्तू, सगळं सर्व्हरकडे असतं.

दुसरा आणि तिसरा मुद्दा मात्र एकत्रच घ्यायला हवा, कारण दुसरा चुकीचा कसा ते कळलं की तिसरा किती घातक आहे तेही कळतं. सर्व्हलेट स्पेसिफिकेशनचं, म्हणजे जावा वेब सर्व्हरांच्या नियमावलीचं, सातवं प्रकरण सेशनवरच आहे. टॉमकॅट, जेटी, वाइल्डफ्लाय हे सर्व्हर सगळे तेच पाळतात. त्यात स्वच्छ म्हटलंय की एचटीटीपीमध्ये (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात त्यात) क्लायंट, म्हणजे ब्राउझर, निघून गेल्याचं कळवणारी खूण नाही, त्यामुळे तो गेला हे ठरवायला टाइमआउट हा एकच मार्ग आहे. म्हणजे ब्राउझर बंद केल्यावर फार तर तुमच्याकडची कुकी जाते, आणि मागचे टॅब पुन्हा उघडायचं सेटिंग असेल तर तीही राहते. सर्व्हरला यातलं काहीच कळत नाही. तो टाइमआउटची वाट बघत बसतो.

आणि आपण तो टाइमआउटच काढून टाकायचा!

टॉमकॅट ही सेशन्स मेमरीत एका मॅपमध्ये ठेवतो. मॅपने धरून ठेवलेल्या वस्तूला गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा जावाचा भाग) हात लावत नाही. मूळ सेटिंगमध्ये साधारण दर मिनिटाला मुदत संपलेली सेशन्स शोधून काढली जातात. उणे एक टाकलं की मुदत कोणाचीच संपत नाही. किती सेशन्स ठेवायची यावर मूळ सेटिंगमध्ये मर्यादाही नाही. आता लॉगआउटचं बटण दाबणारे युजर किती असतात ते आठवा. त्यात जेएसपी पान (सर्व्हरवर तयार होणारं जावाचं वेब पान) तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर लॉगिन न केलेल्या माणसालाही सेशन काढून देतं. सर्च इंजिनचे आणि इतर बॉट (आपोआप पानं वाचणारे प्रोग्रॅम) बहुधा कुकी परत पाठवत नाहीत, म्हणून त्यांच्या प्रत्येक फेरीला नवं सेशन, आणि तेही कायमचं. एका सेशनमध्ये २० केबी माल धरला तर १ लाख सेशन्सना जवळजवळ २ जीबी लागतात. मग एक दिवस आउट-ऑफ-मेमरी, म्हणजे मेमरीच संपते. मग कोणीतरी रोज पहाटे सर्व्हर रीस्टार्ट करायचा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून ठेवतं आणि त्याला उपाय म्हणतं. (पाहिलंय मी हे. नाव घेत नाही.)

सुरक्षेचं तर बोलूच नका. कोणाचा जेसेशनआयडी चोरीला गेला तर ३० मिनिटं वापर नसताना तो निकामी व्हायची निदान शक्यता होती. आता ऑफिसच्या सामायिक पीसीवर राहिलेली कुकी सहा महिन्यांनीही चालेल.

शिवाय मूळ दुखणं तसंच राहतं. टॉमकॅटचा ३० मिनिटांचा टाइमआउट निष्क्रियतेचा आहे. प्रत्येक रिक्वेस्टला घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. क्लिक करत असलेला युजर बाहेर फेकला जात असेल तर कारण दुसरीकडे शोधा. वेब.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलीतला आकडा मिनिटांत असतो आणि कोडमधून टाइमआउट ठरवणाऱ्या ‘सेटमॅक्सइनॅक्टिव्हइंटरव्हल’ला दिलेला सेकंदांत. तिथे कोणी ३० लिहून ठेवलं असेल तर अर्ध्या मिनिटात हकालपट्टी. किंवा एकाच होस्टवरची दोन ॲप्लिकेशन्स एकाच पाथवर एकमेकांची जेसेशनआयडी कुकी पुसत असतील. लांबलचक फॉर्म भरताना तासभर रिक्वेस्टच जात नाही, ही तक्रार मात्र खरी. त्यावर टाइमआउट ६० मिनिटं करा, नाहीतर फॉर्म भरला जात असताना पानाकडून अधूनमधून छोटी रिक्वेस्ट पाठवा.

चौथा मुद्दा: टॉमकॅट नीट बंद केला तर तो सेशन्स फाइलीत लिहून ठेवायचा आणि चालू होताना परत वाचायचा, फक्त आतले ऑब्जेक्ट सीरियलायझेबल (फाइलीत लिहिता येण्यासारखे) हवेत. १०.१ पासून ही सोय मूळ सेटिंगमध्ये बंद आहे, पण चालू करता येते. ‘जातातच’ नाही.

पाचव्यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. सेशन एका सर्व्हरच्या मेमरीत असताना पुढची रिक्वेस्ट दुसऱ्याकडे गेली तर युजर अनोळखी ठरतो. पण त्यावरची उत्तरं जुनी आहेत: लोड बॅलन्सरला (रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्याला) त्या युजरला त्याच सर्व्हरकडे पाठवायला सांगणं, टॉमकॅटचं क्लस्टरिंग (सर्व्हरांनी सेशनची प्रत एकमेकांकडे ठेवणं), किंवा स्प्रिंग सेशन ही लायब्ररी लावून सगळं रेडिस या सामायिक डेटा-साठ्यात ठेवणं. जेडब्ल्यूटी वापरायला हरकत नाही, फक्त दिलेलं टोकन मुदतीआधी रद्द कसं करणार ते आधी ठरवा. बरेच जण त्यासाठी सर्व्हरवर रद्द टोकनांची यादी ठेवतात, आणि प्रत्येक रिक्वेस्टला ती तपासतात. तसं केलं तर सगळ्या सर्व्हरना दिसेल असं सामायिक काहीतरी तिथेही ठेवावं लागतंच, आणि फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेखही नाही.