कोरडी बॅच

आमचा टँक बंद झाला. गेटवर ए-फोर कागद चिकटवलाय, 'इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी जलतरण तलाव पुढील आदेशापर्यंत बंद राहील', खाली सही, शिक्का. पुढचा आदेश कधी, असं वॉचमनला विचारलं की तो त्याच कागदाकडे बोट दाखवतो.

आता पुण्यात टँक काय कमी आहेत का, आहेत की. पण ते बहुतेक उघड्यावरचे. आमचा छपराखालचा, त्यामुळे आमचा रुबाब वेगळा. बाकीचे लोक पावसाळ्यात टेकडीवर चिखल तुडवत असायचे तेव्हा आम्ही सकाळी सहाच्या बॅचला आरामात लेंथ मारायचो आणि दिवसभर चार जणांना ते ऐकवायचो. ज्या छपराचा एवढा माज केला ते छप्परच शेवटी नडलं.

झालं असं की फॉल्स सिलिंगचा एक तुकडा डीप साईडला पाण्यात पडला. कुणाला लागलं नाही. आम्ही फ्रीस्टाईलवाले खाली बघून पोहतो, आम्हाला काय पत्ता. पण बॅकस्ट्रोकवाल्या काकांनी तो सुटताना बघितला. खरं सांगायचं तर छताची अवस्था या शहरात फक्त बॅकस्ट्रोकवाल्यांनाच माहीत होती. स्पर्धांच्या टँकवर भिंतीच्या पाच मीटर अलीकडे पताकांची दोरी असते, ती दिसली की हात मोजायचे, म्हणजे डोकं भिंतीवर आपटत नाही. आमच्याकडची दोरी कधी तुटली आणि कुठे गेली देव जाणे. काकांनी मग दोरीच्या जागी ट्रसवरचा, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यावरचा, गंजाचा एक डाग धरला होता. डाग गेला की चार हात, मग भिंत. तो डाग वर्षावर्षाला वाढत गेला आणि काका म्हणाले, "हल्ली मला तीनच हात मारावे लागायचे, मला वाटलं स्ट्रोक सुधारला."

ऑडिटला, म्हणजे इमारत किती पक्की राहिलीय ते तपासायला, आलेल्या इंजिनियरनी हे ऐकून डोक्याला हात लावला.

त्यांनीच गंजाचं कारण सांगितलं आणि आमच्यात भांडणं लावून दिली. आम्ही इतकी वर्षं नाकाला वास झोंबला की म्हणायचो, वा, आज क्लोरीन चांगलं टाकलंय, पाणी स्वच्छ आहे. तर तसं नसतं म्हणे. क्लोरीनची घामाशी आणि लघवीशी गाठ पडली की क्लोरामाईन तयार होतात, तो झोंबणारा वास त्यांचा. म्हणजे वास जेवढा उग्र, तेवढी पाण्यात लोकांनी भर घातलेली. मग ती वाफ, दमट हवा आणि क्लोरीन वर चढतं, बंद छपराखाली साचतं आणि लोखंड खातं. गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट फुगतं, त्यामुळे बीममधल्या सळ्या गंजल्या की काँक्रीट आतून फुटून पोपडे पडतात.

थोडक्यात म्हणजे छप्पर आम्हीच खाल्लं होतं. 'शॉवर घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नये' ही पाटी दारातच होती, तिच्यावर टॉवेल वाळत घालायचो. आता प्रत्येकजण एकमेकांकडे संशयाने बघायला लागला. मोठ्यांनी एकमताने संध्याकाळच्या छोट्या मुलांच्या बॅचवर आळ घेतला. मुलांच्या बॅचचे सर म्हणाले, पोरं निदान हात वर करून बाहेर जातात, तुमच्या बॅचमधून तासाभरात एकही माणूस बाहेर जात नाही आणि सगळे चहा पिऊन येतात. यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

तरी 'एवढ्यासाठी टँक बंद करायची काय गरज, पट्टी मारा आणि चालू ठेवा' म्हणणारे होतेच. मग इंजिनियरनी स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावाचं सांगितलं. 1985 साली तिथल्या इनडोअर टँकचं काँक्रीटचं छतच कोसळलं, 12 माणसं गेली. ते स्टेनलेस स्टीलच्या दांड्यांवर टांगलेलं होतं आणि त्या दांड्या क्लोराईडने बाहेर फार काही न दाखवता आतून चिरत गेल्या होत्या. त्यानंतर पट्टी मारायचं कुणी काढलं नाही.

पण लोकांना काम तर पाहिजेच ना. पोहणं बंद, बॅच चालू. सहाच्या ठोक्याला सगळे गेटपाशी हजर, आणि खिडकीच्या ग्रिलमधून आत काय चाललंय ते बघायचं. आत एक मुलगा भिंतीला हातोडीसारखं यंत्र लावून टक टक करत रीडिंग घेत होता. ते रिबाउंड हॅमर, किती उसळी मारतं त्यावरून काँक्रीटची ताकद कळते. हे आम्हाला त्या मुलाने नाही, आमच्यातल्याच एका रिटायर्ड बँकवाल्यांनी सांगितलं, कारण ते त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी ऑडिट लागतं हे त्यांना पाठ आहे. "अहो, तिथे परत मार, ते पोकळ वाजलं," असं ते बाहेरून ओरडायचे. मुलगा बिचारा सज्जन, परत मारायचा.

मग पाणी सोडायचा दिवस आला. लांबी पंचवीस, रुंदी साडेबारा, खोली सरासरी दीड मीटर धरा, पावणेपाच लाख लिटरच्या आसपास पाणी. आमच्या भागातल्या सोसायट्यांना उन्हाळ्यात या आकड्याचा अर्थ एकच, दहा हजारी सत्तेचाळीस टँकर. सेक्रेटरींचे डोळेच भरून आले. बागेला द्या, गाड्या धुवायला द्या, काहीही करा पण गटारात सोडू नका, म्हणून अर्ज गेले. सगळे अर्ज फाईलला लागले आणि पाणी गटारात गेलं.

आणि एवढं करून काम सुरू झालं का, तर नाही. टेंडर निघालं, एकच निविदा आली म्हणून परत काढलं, मग आचारसंहिता लागली, मग पाऊस. पावसात तर आमच्या सरांनी नवीनच घोर लावून दिला, रिकामा टँक म्हणे तरंगतो! मला वाटलं मस्करी करतायत. पण खरंच, जमिनीतलं पाणी वर आलं की ते खालून दाब देतं, वर पाण्याचं वजन नसलं तर अख्खा टँक उचलला जाऊ शकतो, फरशी फुटू शकते. म्हणून तळाला व्हॉल्व्ह ठेवतात किंवा आजूबाजूचं पाणी उपसत राहतात. म्हणजे आम्ही जमिनीवर आणि टँक पोहतोय, अशी वेळ यायची शक्यता होती. काका रोज सकाळी कट्टा पायरीच्या वर आलाय का ते बघून घ्यायचे.

या सगळ्यात मला व्यक्तिशः झालेला त्रास वेगळाच. टोपी आणि गॉगलमध्ये ज्यांना वर्षानुवर्षं 'हं, काय, आज उशीर?' एवढंच बोललो होतो ते आता पूर्ण कपड्यांत समोर येऊन पूर्ण वाक्यं बोलायला लागले. अर्धे लोक तर ओळखूच येईनात. एका काकूंनी हाक मारली, मी आपला गोंधळून बघतोय, तर त्या दोन्ही हात डोळ्यांवर चष्म्यासारखे धरून म्हणाल्या, "अरे लेन नंबर दोन!" पाण्यात माणूस गप्प असतो हा पोहण्याचा केवढा मोठा फायदा आहे हे मला कुठल्याच डॉक्टरने सांगितलं नव्हतं. आता अमृततुल्यवर मला सगळ्यांचे गुडघे, सुना आणि म्युच्युअल फंड माहीत झालेत.

दुसरीकडे जाऊन बघितलं, नाही असं नाही. बालेवाडीचा टँक झकास, 1994 च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेल्या संकुलातला, पण सकाळी तिथे जाऊन पोहून त्या ट्रॅफिकमधून परत येईपर्यंत ऑफिसची वेळ टळते. टिळक टँकवर गेलो तर तिथल्या बॅचने माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांच्या घरात चपला घालून शिरलोय. बरोबरच आहे म्हणा, आमच्याकडे नवीन माणूस आला की आम्ही तेच करायचो.

शेवटी म्हटलं निदान पासचे पैसे तरी परत मागावेत. ऑफिसात गेलो. क्लार्कने पास उलटसुलट बघितला.

"पैसे परत नाहीत. दिवस वाढवून मिळतील."

"कधी?"

"टँक चालू झाला की. पण पास तेव्हा चालू पाहिजे, संपलेल्या पासात दिवस वाढवता येत नाहीत."

"अहो, टँक बंद असताना पास संपणारच ना?"

"मग रिन्यू करून ठेवा."

"बंद टँकचा?"

त्याने पेन खाली ठेवलं आणि आवाज जरा खाली आणून, घरच्यासारखं म्हणाला, "साहेब, आत्ता लाईन नाहीये म्हणून सांगतोय. चालू झाल्यावर इथे मरणाची गर्दी असते."

रिन्यू केला. वार्षिकच घेतला, त्यावर टोपी फ्री होती.