‘फक्त’ ८.३ चौरस किलोमीटर

केरळमधलं सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणापासून वाचलं ही गोष्ट आपण आंदोलनाची म्हणून सांगतो, आणि ते खरंच आहे. पण त्या वादातलं एक गणित मागे पडतं. ‘एकूण जंगलापैकी इतकेच टक्के बाधित’ हे वाक्य आजही प्रकल्पांच्या अहवालांत सुखाने नांदतंय, म्हणून ते गणित पुन्हा मांडायला हवं.

केरळच्या पालक्काड जिल्ह्यात कुंतीपुळा नदीवर १२० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प व्हायचा होता. बुडणार होतं सुमारे ८.३ चौरस किलोमीटर जंगल. पुढे झालेल्या राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र ८९.५२ चौरस किलोमीटर. म्हणजे साडेनऊ टक्केही नाहीत. बाकीचं राहतंच आहे की!

गोम अशी की तो तुकडा कडेचा नव्हता, खोऱ्याच्या मधोमध होता. तिथे सगळीकडे सारखं रान नाही. वर चढत जाल तशी झाडं ठेंगणी होतात, मग शोला, म्हणजे घळींतली ठेंगणी रानं, आणि गवताळ माथे लागतात. उंच, एकात एक फांद्या गुंतलेलं सदाहरित रान खालच्या आणि मधल्या उतारांवर आहे. सिंहपुच्छ माकड राहतं ते फांद्यांच्या या छतात. क्युलेनिया या झाडाची फुलं आणि काटेरी फळांतल्या बिया हे त्याचं मोठं अन्न, आणि जमिनीवर ते क्वचितच उतरतं. एका टोळीला काही चौरस किलोमीटर सलग रान लागतं. मादीला दोन-तीन वर्षांतून एक पिल्लू होतं, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही. खोऱ्याच्या तळाशी जलाशय आला की दोन्ही काठांच्या टोळ्या कायमच्या तुटल्या.

शिवाय धरण एकटं येत नाही. रस्ता येतो, खाणी येतात, मजुरांच्या वसाहती येतात, सरपण तोडलं जातं, शिकारीचे फासे लागतात. रस्त्याने छत फाटलं की ऊन आणि वारा आत शिरतो. एरवी ओला असणारा पाचोळा वाळतो, कडेने गवत, घाणेरी, रानमोडी चढते. सदाहरित रान सहजासहजी पेटत नाही, पण ही कड पेटते. एकदा जळली की तिथे आणखी गवत येतं आणि पुढची आग थोडी आत जाते. अहवालातल्या टक्केवारीत हे कुठेच मोजलेलं नसतं.

उरलेल्या तुकड्यांचं काय होतं ते तमिळनाडूत वालपरईला दिसतं. चहामळ्यांमधल्या रानाच्या बेटांवर अडकलेली हीच माकडं डांबरी रस्ता ओलांडताना गाड्यांखाली येतात. म्हणून तिथे झाडाला झाड जोडणारे झुलते पूल बांधावे लागले.

१९७६ मध्ये नेमलेल्या केंद्राच्या अभ्यासगटाने प्रकल्प सोडून द्या असं सुचवलं आणि करायचाच असेल तर १७ अटी घातल्या. राज्याने अटी मान्य केल्या. तेवढं सोपं असतं ते! वसाहत उभी राहिल्यावर सरपणाची अट पाळून घेणार कोण? १९८० मध्ये तर राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं तेही प्रकल्पाचा भाग वगळून, म्हणजे कवच ठेवून गर काढायचा. प्रकल्प तपासणाऱ्या मेनन समितीनंतर १९८३ मध्ये प्रकल्प बाजूला पडला. १५ नोव्हेंबर १९८४ ला पूर्ण खोऱ्यासह उद्यान अधिसूचित झालं आणि ७ सप्टेंबर १९८५ ला राजीव गांधींनी उद्‍घाटन केलं.

२००७ मध्ये भोवती सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं संरक्षक क्षेत्र मिळालं. माझ्या मते हा निर्णय १९८४ च्या इतकाच मोलाचा, फक्त त्याच्यावर कुणी कविता केली नाही. पर्यटक मुक्काळीहून ठरलेल्या जीपने सुमारे २३ किलोमीटर आत सैरंध्रीपर्यंत जातात, त्यापुढे जीप नाही. ही मर्यादा जाचक वाटणाऱ्यांनी वालपरईचा रस्ता आठवावा. आणि माकडाला केळं देऊ नये. केळ्याची चटक लागलेली टोळी छत सोडून रस्त्यावर येते.

बाकी राखण म्हणजे पायपीट. त्यातलं सर्वात कंटाळवाणं आणि सर्वात गरजेचं काम जाळरेषांचं, म्हणजे आग आत पसरू नये म्हणून राखलेल्या मोकळ्या पट्ट्यांचं. पावसानंतर माथ्यावरचं आणि कडेचं गवत कापून पट्टा मोकळा करायचा आणि वारा पडलेला असताना, माणसं उभी करून जाळायचा. उशीर झाला, गवत कडक वाळलं, की ही राखणीची आगच हाताबाहेर जाते. आणि वेळेवर केलं तरी काम संपत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला पानगळ होते, पट्टा पुन्हा पाचोळ्याने भरतो. तो पुन्हा झाडायचा, आणि त्यासाठी लागणाऱ्या माणसांची मजुरी तेव्हाच मंजूर झालेली असावी लागते, मार्च संपल्यावर नव्हे.